उन्नी कुणाकडे

सोलुंड,
२ मे १९६१

बोडिलबाई,

तुमच्या नावानं पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ख्रिसमसला पाठवलेलं कार्ड उन्नीच्या नावाचं होतं. ते तुम्हीच तिला वाचून दाखवलं असणार, म्हणजे माझं अक्षर तुमच्या ओळखीचं आहे.

मी २५ तारखेच्या गुरुवारी बोटीनं बर्गनला येते आहे. सोमवारी परत निघेन. माझी नात कशी राहते, काय खाते, तिचे केस कोण विंचरतं, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. माझी योरुन जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही तिच्या घरात येऊन एक. स्वेरे जावई म्हणून वाईट नाही, पण तो वर्षाचे दहा-अकरा महिने जहाजावर. मग ते घर चालवतं कोण? तुम्ही. आणि त्या घरात माझ्या लेकीची लेक आहे.

मला आडून बोलता येत नाही, म्हणून सरळच लिहिते. ऑगस्टात शाळा सुरू होतील. उन्नीनं इथं माझ्याकडे राहायला यावं आणि सोलुंडच्या शाळेत जावं, असं माझं म्हणणं आहे. स्वेरेला लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं, ‘बोडिलला विचारा.’ घरापासून लांब असला की पुरुषमाणूस किती शहाणा होतो! म्हणून तुम्हाला विचारते. तुमचं वय अजून तिशीचं नाही. तुम्हाला तुमची मुलं होतील. मला आता दुसरी योरुन होणार नाही.

शहर दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. मी बर्गन दोनदा पाहिलंय. एकदा लग्नाच्या खरेदीला आणि एकदा योरुनला पोचवायला.

आणि हो, स्वेरेला दाढेवर लवंगेचं तेल लावायला सांगा. सूज असेल तर सरळ काढून टाकावी.

सेवेरीने

बर्गन,
९ मे १९६१

सेवेरीनेआजी,

उन्नी तुम्हाला आजी म्हणते म्हणून मीही तसंच लिहिते. आवडलं नाही तर सांगा, पण दुसरं काय म्हणावं तेही सांगा. मला खरंच सुचलं नाही.

तुम्ही आमच्याकडेच उतरायचं. उन्नीनं तिचा पलंग तुम्हाला देऊन टाकलाय, ती माझ्याजवळ झोपेल. आणि शहर तर बघावंच लागेल. माझा जन्म इथल्या बंदराच्या गल्लीतला. पाहुण्याला काही न दाखवता परत पाठवलं, असं कळलं तर गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद होतील. उन्नीचा बेत ठरलाय: मासळीबाजार, मग डोंगरावर जाणारी दोरगाडी, मग वर कॉफी. कुठं काय बोलायचं याची ती रोज माझ्यासमोर तालीम करते. तुम्ही फक्त आश्चर्य वाटल्यासारखं करायचं.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. उन्नी म्हणजे काही बोटीवर चढवून द्यायचं बोचकं नाही. तिची शाळा इथं आहे, मैत्रिणी इथं आहेत. तुमच्याकडे शाळा एक दिवसाआड भरते हे मलाही ठाऊक आहे. मधल्या दिवशी ती काय करणार? मेंढ्या मोजणार? मी तिला पाठवणार नाही. तुम्ही या, चार दिवस राहा, घर बघा आणि मग बोला.

मला मुलं होतील म्हणता. डॉक्टरांना तरी अजून तसं वाटत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?

आणि दाढेचं कसं कळलं? स्वेरेचा फोन ३० एप्रिलच्या रविवारी आला, भर समुद्रातून, रेडिओवरून जोडून दिलेला. त्याच्या दाढेची गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

बोडिल

सोलुंड,
१ जून १९६१

बोडिलबाई,

पाहुणचार घेतला की आभाराचं पत्र लिहायचं, ही आमची रीत. तेव्हा आभार. पलंग चांगला होता. माशाचं सूप पातळ होतं, पण शहरात तसंच असावं.

उन्नीनं मला बाजारात नेलं ते तुम्ही पाहिलंच. जन्मभर मी समुद्राशेजारी राहिले, आणि पैसे देऊन मासा घ्यायचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला. टाकीत कॉड पोहत होते. मी त्या माणसाला विचारलं, “केव्हा धरलास रे हा?”

“आज सकाळी, मावशी.”

“कुठल्या वर्षीच्या?”

तो लाल झाला आणि उन्नी पोट धरून खाली बसली. हसताना तिचं नाक कसं वर चढतं, पाहिलंत? ते योरुनचं. मी त्या नाकाकडे बघत होते, तेवढ्यात तिनं तुमची बाही ओढली आणि म्हणाली, “आई, आजीला आवर ना!”

आई. मला कुणी सांगितलं नव्हतं. स्वेरेनं लिहिलं नाही, तुम्हीही लिहिलं नाहीत. भर बाजारात, ओल्या फरशीवर उभी असताना मला ते ऐकावं लागलं. मग डोंगरावर तुम्ही आमच्यासाठी कॉफी मागवलीत आणि मी माझी ब्रेड-चीजची पुडी उघडून बाहेर बाकावर बसले. तुम्हाला वाटलं म्हातारी कंजूष आहे. कंजूष नाही. तुमच्या टेबलावर घास उतरला नसता.

आणि योरुनच्या कबरीवर तू काय लावलंस ते? पॅन्सी! ज्यांना सगळे ‘सावत्र आईची फुलं’ म्हणतात, तीच! जगात दुसरं फूल उरलं नव्हतं? निळी-पिवळी, एक नाही दोन नाही, काठापर्यंत. माझ्या लेकीच्या डोक्यावर तू तुझं नाव लावून ठेवलंस.

आता ऐक. दाढेचं कसं कळलं विचारतेस ना? माझ्या स्वयंपाकघरात रेडिओ आहे. मासेमारीच्या बोटी ज्या पट्ट्यावर बोलतात त्यावरच जहाजांचे फोनही ऐकू येतात. जहाजावरचा आवाज इथवर येत नाही, पण किनाऱ्यावरून बोलणारा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे तू. वर्षभर दर रविवारी तू माझ्या स्वयंपाकघरात आहेस. १४ मेच्या रविवारी तू स्वेरेला म्हणालीस, “खरंच पाठवून द्यावं तिला आजीकडे. एक वर्ष. मला जरा श्वास घेऊ दे.” मला लिहितेस की पाठवणार नाही, आणि त्याला हे! तुझ्या तोंडचे शब्द आहेत. मी ते मनात धरूनच बोटीवर चढले होते आणि चार दिवस वाट पाहिली, तू स्वतःहून बोलशील म्हणून.

तिला पाठव. तुला श्वास मिळेल आणि मला ती.

सेवेरीने

बर्गन,
६ जून १९६१

सेवेरीनेआजी,

रागात का होईना, मला अरेतुरे केलंत. आता तेच चालू ठेवा, आधीच्या ‘बाई’पेक्षा ते बरं.

नवराबायकोचं बोलणं तुम्ही विणकाम हातात घेऊन ऐकता! सगळा किनारा ऐकतो, मला ठाऊक आहे. माझी आईही ऐकायची, आणि कुठल्या खलाशाचं कुठं बिनसलंय ते दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगायची. पण ती परक्यांचं ऐकायची. स्वतःच्या लेकीच्या जागी आलेल्या बाईचं वर्षभर ऐकत बसायला काळीज कसलं लागतं?

मी ते बोलले होते. शब्द न् शब्द खरा आहे. स्वेरे त्यावर म्हणाला, “ठीक आहे, पाठव.” इतक्या सहज, जणू मी छत्री उसनी मागितली. तेव्हा मी रडले आणि ओरडले, “नाही पाठवणार! ती माझी आहे, ऐकतोयस का?” फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटरनंसुद्धा घसा खाकरला. आता मला सांगा, तुमच्या रेडिओवर माझाच आवाज येतो ना? मग हे वाक्यही आलंच असणार. तेवढंच लिहायचं राहिलं?

श्वास का कोंडतो तेही सांगते. तुम्ही म्हणालात बर्गन दोनदा पाहिलंय. खोटं. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. मी उन्नीला म्हटलं, आजीला या बाकावर बसव, इथून बंदर छान दिसतं. तुम्ही म्हणालात, “हा नाही, पलीकडचा. योरुननं लिहिलं होतं.” मी बेकरी दाखवली, तर इथल्या दालचिनीच्या पावात योरुनला मनुका नको असायच्या. दोरगाडीत योरुन डाव्या बाजूला बसायची. गोदामांच्या मागची अरुंद गल्ली, जिथं मी लहानपणी लपाछपी खेळले, तिथं स्वेरेनं योरुनला मागणी घातली होती! हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. शहर मी तुम्हाला दाखवत होते की तुम्ही मला? मी इथं जन्मले, आणि माझ्याच शहरात मला पाय ठेवायला जागा नव्हती. मला एका मेलेल्या बाईचा हेवा वाटतो. लाज वाटते, पण वाटतो. लिहून टाकलं.

फुलांचं म्हणाल तर मे महिन्यात इथल्या बाजारात दुसरं काही मिळत नाही. सगळी दफनभूमी त्याच फुलांनी भरलेली होती, तुम्ही फक्त एकच कबर पाहिलीत. त्यांचं नाव मी ठेवलेलं नाही. पाणी मात्र दर शनिवारी मी घालते. दगडावर योरुनच्या नावाखाली मोकळी जागा आहे, ती तुम्ही बोटानं पुसून पाहिलीत. ती स्वेरेची. मलाही दर शनिवारी दिसते. माझी जागा कुठं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

‘आई’ म्हणायला मी शिकवलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती तापानं फणफणली होती, तेव्हा एकदा म्हणाली. बरी झाल्यावरही म्हणत राहिली. मला ते सोडवत नाही. आणि मी तिला सोडणार नाही.

बोडिल

सोलुंड,
२४ जून १९६१

बोडिल,

ऐकलं होतं. ‘ती माझी आहे’ हेही ऐकलं. मग मी रेडिओ बंद केला, कारण पुढचं ऐकायची माझी हिंमत नव्हती. तुला लिहिताना ते गाळलं. जाणूनबुजून.

काल इथं उन्हाळ्याच्या सणाच्या शेकोट्या पेटल्या होत्या. सगळे किनाऱ्यावर, मी घरी. बसल्या बसल्या मला तो सोमवार आठवत होता. बोट सुटली तेव्हा उन्नी रडत होती. थंडी होती तरी मी आत गेले नाही, मागच्या कठड्याशी उभी राहून बघत होते. धक्का नजरेआड व्हायच्या आत तिचं रडणं थांबलं आणि ती तुझा हात धरून उड्या मारत निघाली. योरुन शिकायला बर्गनला गेली तेव्हा माझ्या आठवणीनं आठवडाभर जेवली नव्हती. मला वाटलं होतं, ही पोर निदान घरी पोचेपर्यंत तरी रडेल. आजवर मी कुणाच्या नशिबाचा इतका हेवा केला नव्हता. तुझ्या त्या हाताचा केला.

ठेव तिला. मी पुन्हा मागणार नाही.

सेवेरीने

बर्गन,
११ ऑगस्ट १९६१

सेवेरीनेआजी,

उत्तराला उशीर झाला. खरं सांगायचं तर तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी केक केला. उन्नीनं विचारलं, कुणाचा वाढदिवस? मी म्हटलं, कुणाचा नाही, असाच. मी जिंकले होते ना. तुम्हाला लिहिलं असतं तर ते पत्रातून दिसलं असतं, म्हणून लिहिलं नाही.

गेल्या रविवारी पाऊस थांबला म्हणून आम्ही दोघी वर डोंगरावर गेलो. उन्नी तुम्ही म्हणालात त्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. मी म्हटलं, “इकडे ये, इथून छान दिसतं.”

“मला इथंच बसायचंय. आई इथं बसायची.”

तेव्हा मला कळलं की ती कुणाबद्दल बोलतेय. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. तीच पुढे म्हणाली, “मी शाळा सुरू झाली की आजीकडे जाऊ?”

मला वाटलं एक दिवसाआड शाळेचा मोह. तसं म्हटलंही. ती म्हणाली, “तेही आहेच. पण आजी मला आईच्या गोष्टी सांगते. ती किती लहान होती, बोटीतून कशी पडली, कुणाला चावली. तू सांगत नाहीस.”

“मला ठाऊकच नाहीत गं.”

“ठाऊक नाहीत आणि मी विचारलं की तुझं तोंड असं होतं.” तिनं माझं तोंड करून दाखवलं. ओठ आत ओढून, नाक ताणून. आजी, हुबेहूब केलं हो! “म्हणून मी इथं विचारत नाही. बाबा घरी आले की त्यांनाही विचारत नाही. तुला वाईट वाटतं.”

आठ वर्षांची पोर माझी मर्जी सांभाळत होती. मला वाटायचं, आमच्या घरात योरुनचं नाव निघत नाही म्हणजे ती आता मागं पडली. ती कुठं मागं पडली होती? पोरीनं तिला माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

मी ‘नाही’ म्हणू शकले असते. तुम्हीच तर मला तो हक्क दिला होता. घरी येऊन मी तिच्या लोकरी मोज्यांना टाके घालत बसले, आणि टाके घालता घालता कळलं की मी तिची तयारीच करते आहे.

ती १७ तारखेच्या बोटीनं निघेल. तुम्ही मागितली म्हणून नाही, मला श्वास हवा म्हणूनही नाही. तिला यायचंय म्हणून. स्वेरेला रविवारी सांगितलं. या वेळी त्यानं “ठीक आहे” म्हणण्याआधी बराच वेळ घेतला.

केस विंचरताना खालून सुरुवात करा, नाहीतर किंचाळते. दुधावरची साय खात नाही. लोकर सरळ मानेला लागली तर पुरळ येतं, आत सुती घाला. अंधाराला भीत नाही म्हणते, पण भिते. आणि एकच मागते. तुमच्या घरात कधी चुकून ती मला आई म्हणाली, तर तिला अडवू नका. तुमचंही तोंड होत असेल माझ्यासारखं, पण तिच्यासमोर होऊ देऊ नका. बाकी सगळं तुमचं.

धक्क्यावरून मी उड्या मारत परत येणार नाही, एवढं तरी तुम्हाला समाधान असू द्या.

बोडिल

सोलुंड,
१० सप्टेंबर १९६१

बोडिल,

पोर ठणठणीत आहे. सायीचं तू म्हणालीस ते खरं. केस मी खालून विंचरते, तरी किंचाळते आणि म्हणते तुझा हात माझ्याहून हलका आहे.

तुला वाटलं असेल, इथं सकाळ-संध्याकाळ योरुनच्या गोष्टी चालतात. चालतात. पण मी एक सांगितली की ती तुझ्या दोन सांगते. तू छत्री विसरून ट्राममध्ये कुणाशी भांडलीस, तू केकात साखरेऐवजी मीठ घातलंस आणि वर रागावलीस. कोंबड्यांना दाणे टाकताना तू, गवत वाळवताना तू. मला माझ्याच घरात तुझ्याशिवाय काही ऐकायला मिळत नाही. आता कळलं तुझा श्वास कसा कोंडत होता. कोंडू दे, मला सवय होईल.

तू जे मागितलंस त्याचं लिहिते. शुक्रवारी आम्ही दुकानात गेलो होतो. पलीकडच्या बेटावरची म्हातारी ओलीना तिथं होती. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येक पोराला ती हनुवटी धरून विचारते. तिनं उन्नीचीही धरली.

“कुणाची गं तू?”

मी तोंड उघडणारच होते. इथं त्याचं उत्तर मोठ्यांनीच द्यायचं असतं, आणि ‘आमच्या योरुनची’ हे उत्तर मला पाठ आहे. पण उन्नीनं मला बोलूच दिलं नाही. म्हणाली, “बोडिलची आणि योरुनची.”

“अगं, दोघींची कशी असशील?” ओलीना म्हणाली. “माणूस एकीचाच असतो.”

“मी दोघींची आहे. एक इथली होती, एक बर्गनला आहे.”

दुकानात सगळे थांबले. दुकानदार हातात पिठाचा डबा घेऊन माझ्याकडे बघत होता. इथं सगळ्यांनी योरुनला अंगणात रांगताना पाहिलंय. मी काय म्हणते याची ते वाट बघत होते. तोंड झालंच असणार माझं, तुझ्यासारखं किंवा त्याहून वाईट, पण उन्नीची पाठ माझ्याकडे होती. मी म्हटलं, “बरोबर सांगतेय पोर. दोघींची आहे.” ओलीनाला ऐकायला कमी येतं, म्हणून मला ते दोनदा आणि मोठ्यानं म्हणावं लागलं.

घरी येताना तिनं माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला नाही.

ती ख्रिसमसला तुझ्याकडे येईल. तिच्याबरोबर मीही येईन, तुला चालत असेल तर. सूप घट्ट कर.

आणि बोडिल, नावं सांगताना तिनं तुझं आधी घेतलं. मी ते उलटं लिहिलं असतं, तर तुला कधी कळलं नसतं.

सेवेरीने